भिंतीकडे तोंड केलेली घागर

आमच्या घरी सहल ठरवायची म्हटलं की महिनाभर चर्चा होते आणि शेवटी आम्ही कुठेच जात नाही. ही सहल मात्र एका घागरीला अर्धा फेरा दिला आणि ठरली. म्हणून आधी घागरीचं सांगते, मग रस्त्यांचं.

मी नांदेडच्या एका शाळेत इतिहास शिकवते. लॉकडाऊनमध्ये मुलं घरी बसली तेव्हा मी दर शनिवारी सकाळी ऑनलाइन तास घ्यायला लागले. इथल्या एका छोट्या खाजगी संग्रहालयाने आपल्या वस्तूंचे फोटो दिले होते. एका शनिवारी एक वस्तू. कधी अडकित्ता, कधी दौत, कधी धान्याचं माप, कधी हातभर लांबीचं कुलूप. मुलांनी ओळखायचं, घरी तसं काही आहे का ते विचारून यायचं आणि मग त्या वस्तूचा हात धरून आपल्या भागाच्या इतिहासात शिरायचं. लॉकडाऊन संपलं तरी तास चालूच राहिला. लातूरकडच्या शाळाही जोडल्या गेल्या. माझं थोडं नाव झालं आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडायला लागलं होतं.

त्या शनिवारी पितळी घागर होती. फोटोखाली 'निजामकालीन घागर, कंधार परिसर' असं लिहिलेलं. मी रंगात येऊन कंधारचा किल्ला, खंदक, पाण्याला निघालेल्या बायका असं सगळं उभं करत होते. तेवढ्यात एका चौकटीतून आवाज आला, "आगं, ती माझी घागर हाय!"

लातूरच्या सातवीतल्या ऋतुजाचा माईक चालू राहिला होता. मागे तिची आजी मेथी निवडत बसली होती. "ऋतू, बघ की गं! गळ्यापाशी चेप अन् बुडाला तांब्याचं ठिगळ. माझीच हाय ती!"

सगळी पोरं खदखदून हसली. मीही हसले. "आजी, ही घागर तुमच्या आजीच्या आजीच्या वेळची आहे हं," म्हटलं आणि त्यांचा माईक बंद केला. चौकटीत त्यांचे ओठ हलत होते, हात घागरीचा आकार काढून दाखवत होता. मी पुन्हा खंदकाकडे वळले.

दुपारी ऋतुजाचा निरोप आला. "मॅडम, सॉरी. आजी म्हणते मागच्या बाजूला नाव आहे. देवराव. तिच्या भावाचं. तिच्या लग्नात त्यांनी दिली होती. भूकंपात गेली."

फोटो एकाच बाजूचा होता. सोमवारी शाळा सुटल्यावर मी संग्रहालयात गेले आणि तिथल्या व्यवस्थापकांना घागर फिरवायला सांगितली. ते जरा कुरकुरले. "अहो मॅडम, त्या बाजूला नाव आहे. नाव दिसलं की भांडं कालपरवाचं वाटतं. म्हणून तर तोंड भिंतीकडे केलंय." आणि त्यांनी घागर फिरवली. भांड्यांच्या दुकानात कोरून देतात तसं, ठिपक्याठिपक्यांनी लिहिलेलं होतं: देवराव गणपती.

हीच घागर मी मागच्या वर्षीही दाखवली होती, तीच निजामाची गोष्ट सांगून. 'निजामकालीन' कुणी ठरवलं म्हणून विचारलं, तर व्यवस्थापक म्हणाले, "जुनी दिसली, लिहिलं." रजिस्टरात 'कंधार, शाळेकडून भेट' एवढंच होतं. मुलांना मी दर शनिवारी बजावत असते की वस्तू सगळ्या बाजूंनी बघा, लेबलावर विश्वास ठेवू नका. आणि बाई स्वतः लेबल वाचून तास घेतात!

आणखी एक गोष्ट मनात टोचत होती. त्र्याण्णवला मी कॉलेजात होते. भूकंपानंतर आमच्या कॉलेजच्या मुलींची तुकडी किल्लारीच्या बाजूला मदतीला गेली, त्यात मी होते. ढिगाऱ्यातून निघालेल्या भांड्यांच्या याद्या करायचं काम माझ्याकडे होतं. शाळेतल्या भाषणांत हे मी अजूनही छाती फुगवून सांगते. मात्र त्यानंतर मी एकदाही तिकडे फिरकले नव्हते. रजा टाकली आणि निघाले.

पहिला दिवस: नांदेड, लोहा, कंधार, लातूर

सकाळच्या बसने निघा, म्हणजे कंधारचा किल्ला ऊन चढायच्या आत होतो. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे स्वतःची गाडी काढायची हौस मी केली नाही. लोह्याच्या स्टँडसमोर गरम सुशीला मिळाला. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, सुशीला हे आमच्याकडे कुणा बाईचं नाव नसतं, तो भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा नाश्ता असतो. वर शेव, कोथिंबीर आणि चावायला एक तळलेली मिरची. एक प्लेट खाल्ली की दुपारपर्यंत बघायला नको.

किल्ला सुरेख आहे. खंदकाला अजून पाणी असतं, तटबंदी दणकट आहे, गर्दी नावाला नाही. पायात बूट आणि हातात पाण्याची बाटली असू द्या. एरवी मी तिथे अर्धा दिवस काढते. या खेपेला खंदकाकडे बघायची मला लाज वाटत होती. तासाभरात बाहेर पडले आणि ज्या शाळेने घागर दिली, तिथले निवृत्त शिपाई गफारमामू यांचं घर विचारत विचारत शोधलं. मामू अंगणात लिंबाच्या सावलीत बसले होते. मोबाईलवर घागरीचा फोटो दाखवताच चेहरा उजळला.

"ही तर आपल्या बरामद्यातली! भूकंपाच्या सालाला टरक आल्ता ना मॅडम. बेवारस भांडे होते, वाली न्हाई कोनी. शाळंला वाटून टाकले. पोरं हिच्यातलं पानी पेऊन पेऊन मोठे झाले. मंग फिल्टर आला, हिला अडगळीत टाकलं. एक दिवस शहरातून साहेब आले, जुनं काय हाय का म्हणले. म्याच काढून दिली. चिंच लावून घासून दिली, चकाचक!"

"निजामाच्या वेळची आहे म्हणून दिलीत का?"

"तौबा! कोनी इचारलंच न्हाई मला. इचारलं असतं तर सांगितलं असतं की, भूकंपाची हाय."

मामूंच्या सुनेने चहा दिला. एवढा एक प्रश्न मी, संग्रहालयाने, कुणीच विचारला नव्हता, आणि उत्तर देणारा माणूस लिंबाखाली बसलेला होता.

कंधारहून परत लोह्याला येऊन लातूरची बस धरली. अहमदपूर, चाकूर करत संध्याकाळी लातूर. रस्ता आता झक्कास झालाय. दोन्ही बाजूंना हरभरा, मध्येच तुरीचे पट्टे. लातूर जवळ आल्याची खूण मात्र शेतात दिसत नाही, ती डोक्यावर दिसते. क्लासेसच्या फलकांवर पोरापोरींचे चेहरे सुरू झाले की समजायचं लातूर आलं. डॉक्टर झालेले, होऊ घातलेले, बाराशे-पंधराशे किलोमीटरवरच्या कॉलेजात लागलेले. त्यांच्या पाठीशी कोट घातलेले सर हात बांधून उभे. राहायचं असेल तर स्टँडजवळची लॉज बघा. क्लासेसच्या भागात सगळ्या खोल्या पोरांना वर्षाच्या करारावर गेलेल्या असतात, तिथे पाहुण्याला कुणी उभं करत नाही.

ऋतुजाच्या वडिलांची मेस त्याच भागात, एका गल्लीच्या तळमजल्यावर आहे. भाकरी, पोळी, दोन भाज्या, शेंगदाण्याची चटणी, भात-वरण. ऐंशी रुपयांत पोट तुडुंब भरतं आणि भाकरी मागाल तितकी मिळते. दारात स्टुलावर एक काटक बाई बसून कुणी किती टाकलं यावर नजर ठेवत होत्या. त्याच कौसाबाई, ऋतुजाच्या आजी. सत्तरीच्या असतील. मला आपादमस्तक बघून म्हणाल्या, "या. माईक बंद करनाऱ्या बाई न्हवं का तुमी?"

मी जागच्या जागी ओशाळले. ऋतुजा "आजी!" म्हणून ओरडली. कौसाबाई म्हणाल्या, "खोटं बोलले का? बसा, जेवून घ्या आधी."

माझ्या शेजारी देगलूरची एक मुलगी जेवत होती. एका हातात घास, दुसऱ्या हातात जीवशास्त्राच्या आकृत्या. दोन वर्षांपासून लातूरला आहे म्हणाली. मी विचारलं, किल्लारी बघितलं का कधी? तिने जरा विचार केला. "ते कशात येतं मॅडम?"

"भूकंप झाला होता ना तिथे. इथून तासाभरावर आहे."

"अच्छा. लाटा आहेत आम्हाला फिजिक्सला. पण किल्लारी नाही. इतिहास नाहीच ना आम्हाला."

मुलगी गोड होती, उद्धट अजिबात नव्हती. म्हणून तर मला जास्त धक्का बसला. ज्या गल्लीत ती राहते, तिथल्या जुन्या घरांच्या भिंतींना तेव्हा तडे गेले होते. मी चिडून काहीतरी बोलणार होते, पण मी कोणत्या तोंडाने बोलणार? मी तर इतिहासाची बाई.

जेवणं आटोपली, पोरं पांगली. मी कौसाबाईंना घागरीच्या मागच्या बाजूचा फोटो दाखवला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी मोबाईल ऋतुजापुढे धरला. "वाच."

"देवराव गणपती."

"पुन्यांदा वाच."

ऋतुजाने परत वाचलं. कौसाबाईंनी पदराने मोबाईलची काच पुसली. मग मला सांगितलं, देवराव त्यांचा पाठचा भाऊ. त्यांच्या लग्नात त्याने उदगीरच्या बाजारातून घागर आणली आणि दुकानात उभं राहून तिच्यावर नाव घालून घेतलं. भूकंपात तो गेला, त्याची बायको गेली, तिन्ही लेकरं गेली. घर भुईसपाट झालं. एक फोटो होता, तोही त्याच घरात होता.

"त्याचं नाव आता कुटंबी न्हाई बाई. सात-बाऱ्यावर दुसऱ्याचं लागलं. माज्या तोंडात तेवढं हाय, अन् त्या घागरीवर. कवा देताव मग?"

मी प्रयत्न करते म्हणाले. असल्या वाक्याला आमच्या स्टाफरूममध्ये काय किंमत असते ते मला ठाऊक आहे, आणि त्यांनाही ते कळलं असावं. त्या म्हणाल्या, "उद्या चला माज्यासंगं गावाला. मंग करा काय करायचं ते."

दुसरा दिवस: औसा आणि किल्लारीकडे

लातूरहून औसा-लामजनामार्गे किल्लारीच्या बसगाड्या आहेत. पहिली पकडली तर बसायला जागा मिळते. औशाला बस थांबते तेव्हा भजी खाऊन घ्या, पुढे हॉटेलांचं काही सांगता येत नाही. किल्लारीहून आम्ही रिक्षा केली. कौसाबाईंच्या गावाचं नाव लिहीत नाही, त्यांनीच 'नगं' म्हणून सांगितलंय.

नवं गाव बघून मी दचकले. वहीत पट्टी ठेवून आखावं तसं सरळ. गल्लीला काटकोनात गल्ली, एकसारखी घरं. त्यांच्यावर लोकांनी आता आपापले मजले, पत्रे, ओटे चढवलेत. जुनं गाव तिथून पुढे. आधी वाटलं, हे बाभळीचं रान आहे. मग बाभळीखाली दगड दिसायला लागले, नुसते दगड. कौसाबाई त्यांच्यातून अशा चालत होत्या की जणू वाट धुतलेली असावी. "हितं वेस. हितं मारुती. हे सुताराचं. हे आमचं." आमचं म्हणजे एक उंबरा होता आणि त्यातून उगवलेली बाभूळ.

"आमी वाचलो ते उडदामुळं," त्या म्हणाल्या. "रास राखायला आखाड्यावर झोपलो व्हतो शेतात. गावात गनपती बोळवून लोकं दमून निजले व्हते."

दगडावर बसून आम्ही भाकरीचं फडकं सोडलं. ठेचा, कांदा, दही. तिथे बसून त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी ऐकायला मी तीस वर्षं गेले नव्हते.

ढिगारे उपसले तेव्हा निघालेली भांडी एका मोठ्या तंबूत आणून ठेवली होती. नांदेडच्या कॉलेजच्या पोरी तिथे याद्या करत होत्या. भांड्यावरचं नाव वाचायचं, यादीत घालायचं. ज्याचं नाव, त्याचं भांडं. कौसाबाई तंबूत गेल्या तेव्हा घागर त्यांना समोर दिसत होती. चेप दिसत होती, ठिगळ दिसत होतं.

"म्या म्हनलं, माय, ती माजी घागर हाय. पोरगी म्हनली, नाव सांगा. म्या मालकाचं नाव सांगितलं, निवृत्ती. तिनं यादी बघितली. न्हाई म्हनली. म्या म्हनलं, आगं भावानं दिलीय ती, आहेरात. तर म्हनली, यादीत घरमालकाचं नाव असतं मावशी, भावाचं नसतं. चष्मा व्हता तिला. लई घाईत व्हती. वाईट न्हवती, मला दुसरी घागर दिली तिनं, मदतीतली. नवी कोरी."

मी घास खाली ठेवला.

वाचकहो, आपल्याकडे कुणाला हे माहीत नाही? आहेराच्या भांड्यावर नाव देणाऱ्याचं असतं. माझ्या घरी डाळीच्या पातेल्यावर नवऱ्याच्या कुठल्याशा मावसकाकांचं नाव आहे. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. सासरी आलेल्या प्रत्येक बाईचा अर्धा संसार तिच्या माहेरच्या माणसांच्या नावांनी भरलेला असतो. हे मला एकोणिसाव्या वर्षीही माहीत होतं. पण यादीचे रकाने मी पाडले होते, पट्टी घेऊन, निळ्या शाईने: अनुक्रमांक, वस्तू, वस्तूवरील नाव, घरमालक. वस्तूवरचं नाव आणि घरमालकाचं नाव जुळलं तर बरोबरची खूण. नाही जुळलं तर बेवारस. सुटसुटीत काम म्हणून आमच्या प्राध्यापिकांनी मला शाबासकी दिली होती. 'भावाचं नसतं' हे वाक्य मी बोलले की माझ्याबरोबर यादीवर बसलेली मैत्रीण बोलली, देवाशपथ आठवत नाही. चष्मा आम्हा दोघींनाही होता. पण रकाने माझेच होते. त्या तंबूत बेवारस म्हणून ढिगाला लागलेली भांडी माझ्या डोळ्यांसमोर आली. भावांची नावं, मामांची नावं, आयांची नावं. ती भांडी कुणाची होती हे सांगायला बायका दारात उभ्या होत्या.

"मावशी," मी म्हटलं, "ती यादी मी केली होती."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "तू व्हतीस?"

"मी किंवा माझी मैत्रीण. पण यादी माझी."

त्यांनी भाकरीचं फडकं झटकलं, घडी केली आणि चालायला लागल्या. मी मागून माफी मागत राहिले. रिक्षात बोलल्या नाहीत, बसमध्ये बोलल्या नाहीत. तीस वर्षं ज्या कामाचा मी टेंभा मिरवला, ते काम आता मला दिसत होतं. खिडकीच्या काचेला डोकं टेकून मी रडत होते. बसमधल्या एका बाईने तर मला गाडी लागली समजून लिंबू दिलं.

औशाला बस थांबली तेव्हा कौसाबाई खाली उतरल्या आणि पेरू घेऊन आल्या. अर्धा माझ्या हातात ठेवला. "खा. तोंड बघ कसं झालंय." मग बाहेर बघत म्हणाल्या, "उद्या येते मी नांदेडला. आता तू हायस तर तुलाच नेऊन उभी करते तितं."

संध्याकाळी ऋतुजाने मला निलंगा राईस खायला नेलं. पिवळाधमक तिखट भात, वर शेव, हातात कागदी प्लेट. लातूरला गेलात तर चुकवू नका. मी तीन घास खाल्ले, बाकीचा ऋतुजाने संपवला.

तिसरा दिवस: पुन्हा नांदेड

अर्ध्या तिकिटात दोघी नांदेडला पोचलो. संग्रहालयात शिरल्याबरोबर कौसाबाई सरळ घागरीपाशी गेल्या. "हात लावू नका हं आजी," व्यवस्थापक म्हणेपर्यंत घागर त्यांच्या काखेत होती. एका हाताने त्या बुडाचं ठिगळ चाचपत होत्या. मग त्यांनी बोट नावावरून फिरवलं, एकेक ठिपका. कुठे 'दे' संपतो आणि 'व' सुरू होतो, हे त्यांना कळत नव्हतं. सगळं नाव झाल्यावर त्या परत पहिल्या ठिपक्याशी आल्या.

मी सगळी हकिकत सांगितली. व्यवस्थापकांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "हे सगळं ठीक आहे मॅडम. पण उद्या कुणीही येईल. पुरावा हवा ना. आजी, यावर नाव देवराव गणपती यांचं आहे. तुमचं नाव कुठे आहे?"

मला हसावं की किंचाळावं कळेना. तंबू नव्हता, ढिगारा नव्हता, घाई नव्हती. पंख्याखाली बसलेला शिकलेला माणूस तोच प्रश्न तसाच विचारत होता. कौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी कागद मागितला. त्यावर लिहिलं की, भूकंपानंतर या भांड्यांची यादी मी केली. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं हे माहीत असूनही मी नावावरून मालक ठरवला. या बाईंनी तेव्हाच घागर ओळखली होती, आम्ही ऐकलं नाही. म्हणून ही बेवारस ठरली. गेली दोन वर्षं मी हिला निजामकालीन म्हणून शिकवलं, तेही चूक आहे. खाली सही, तारीख आणि शाळेचं नाव. शाळेचं नाव लिहिताना हात थबकला, हे कबूल करते. मुख्याध्यापक काय म्हणतील, तासाचं काय होईल, सगळं डोक्यात येऊन गेलं. मग लिहिलं.

व्यवस्थापक म्हणाले, विश्वस्तांपुढे ठेवतो. कौसाबाईंना घागर परत जागेवर ठेवायला सांगितलं. त्यांनी ठेवली, पण नाव लोकांकडे करून. "आता भिताडाकडं करू नगं," व्यवस्थापकांना बजावलं आणि संध्याकाळच्या बसने लातूरला निघून गेल्या.

घरी

पुढच्या शनिवारी मी मुलांना सांगितलं की बाईंनी तुम्हाला चुकीचं शिकवलं. शिक्षक असं म्हणाले की मुलं किती शांत होतात! मग कौसाबाईंचा माईक चालू केला आणि माझा बंद केला. त्यांनी घागर, लग्न, देवराव, तंबू, सगळं सांगितलं. माझं नाव मात्र घेतलं नाही. 'एक पोरगी' म्हणाल्या. मग मीच मुलांना सांगितलं ती पोरगी कोण ते. काही पालकांनी मुलांना तासातून काढून घेतलं. जी राहिली त्यांना मी घरातलं एक नाव घातलेलं भांडं घेऊन यायला सांगितलं. एकाही मुलाला आपल्या भांड्यावरचा माणूस कोण हे माहीत नव्हतं. त्याच्या पुढच्या शनिवारी बहुतेकांना माहीत होतं.

विश्वस्तांनी दोन महिने घेतले. मी चार वेळा फेऱ्या मारल्या, एकदा भांडलेही. शेवटी घागर मिळाली. कौसाबाई स्वतः येऊन घेऊन गेल्या. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले तेव्हा घागर मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या होत्या. मी म्हटलं, मावशी, आता जपून ठेवा, काचेचं कपाट करून घ्या.

"कपाट?" त्या माझ्यावर खेकसल्या. "पानी भरायला दिली व्हती त्यानं!"

आता ती घागर मेसच्या दारात तिवईवर असते, भरलेली, नाव समोर. डॉक्टर होऊ घातलेली सगळी पोरं तिच्यातलं पाणी पितात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हादरलेच. घासून घासून ठिपके झिजतील, ठिगळ सुटेल, कुणीतरी पाडेल. फोन करून मी हे सगळं सांगितलं. कौसाबाईंनी ऐकून घेतलं आणि भाकरी करपते म्हणून फोन ठेवला.

लातूरला जाऊन मला आता महिने झाले. किल्ल्याचे फोटो, हरभऱ्याचे फोटो मोबाईलमध्ये आहेत, ते मी फारसे उघडत नाही. भांड्यांवरची नावं मात्र आता वाचल्याशिवाय राहवत नाही, लोकांच्या घरीसुद्धा, आणि ती वाचली की त्या तंबूतला ढीग आठवतो. एक घागर गेली परत. बाकीची भांडी कुठे कुठे पांगली असतील? याद्या कधीच्या रद्दीत गेल्या.

काल दुपारी ऋतुजाचा निरोप आला. "मॅडम, देगलूरच्या ताईने पाणी पिताना आजीला विचारलं, हे देवराव कोण? आजी अर्धा तास सांगत होती. सगळी मुलं गोळा झाली. भाजी पूर्ण करपली. सगळ्यांनी तशीच खाल्ली."